‘बघून घेतो’ म्हणजे नेमकं काय? समोरच्याचं म्हणणं समजून घेण्याची रीत

गणपती पोचवून आठ दिवस झाले होते. हिशेबाची बैठक होती. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत ती देवळाच्या कट्ट्यावर होते: मागच्या घरात यंत्रमागाचा खटखटाट, मधे चहाची किटली, आणि सतरंजीवर पावती पुस्तकं. मंडपवाल्याच्या बिलात 2,000 रुपयांचा फरक निघाला. कुणीतरी विचारलं, ‘हे दोन हजार गेले कुठं?’ आमचे खजिनदार अण्णा, घरची भाषा कन्नड पण मराठी आमच्याइतकीच मुरलेली, शांतपणे म्हणाले, ‘हिशेबाचं मी बघून घेतो.’

कट्टा एकदम चिडीचूप. मग समोरचे काका उठून उभे राहिले. ‘बघून घेतो म्हणजे? कुणाला बघून घेणार? दम देतोस काय?’ पुढचा पाऊण तास दोन हजार रुपये बाजूलाच राहिले. कोण कुणाला कधी काय बोललं होतं, याचा पार दहा वर्षांचा हिशेब निघाला.

अण्णांच्या मनात कन्नड वाक्य होतं: ‘ना नोडकोतीनि’. नोडु म्हणजे बघ, कोळ्ळु म्हणजे घे. दोन्ही मिळून ‘मी सांभाळतो, माझ्याकडं सोडा’. ते जसंच्या तसं मराठीत उतरलं आणि मराठीत त्याचा दम झाला. गंमत अशी की दम कन्नडमध्येही याच क्रियापदानं देतात. पुढं माणूस असेल तर दम, काम असेल तर जबाबदारी. मराठीतही तसंच आहे. ‘तुला बघून घेतो’ वेगळं, ‘गॅसचं मी बघून घेतो’ वेगळं. अण्णांच्या वाक्यात ‘हिशेबाचं’ हा शब्द होता. तो काकांच्या कानापर्यंत गेलाच नाही, ‘बघून घेतो’ तेवढं गेलं.

या मंडळाचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे बैठकीत कोण काय बोललं त्याची वही, गेली 11 वर्षं माझ्याकडं आहे. कारण एवढंच की अक्षर बरं आहे. पण दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच नावावर लिहायचं काम अंगावर पडलं की ऐकण्याची सवय बदलते. ‘अण्णांनी दम दिला’ असं वहीत लिहिता येत नाही, कारण खाली अण्णांचीच सही घ्यायची असते. त्यामुळं मी प्रत्येक वाक्यामागं एकच विचारते: हे मी कसं लिहिलं तर बोलणारा खुशीनं सही करील? खाली जे सांगते आहे ते सगळं त्या एका प्रश्नातून आलं आहे. त्यासाठी वही लागते असं नाही. घरात, कचेरीत, जाऊबाईंच्या फोनवरही हे चालतं.

आधी शब्द पकडा

भांडण अर्थावरून चालू आहे असं वाटतं, पण बऱ्याचदा शब्दच नीट ऐकलेले नसतात. आमच्याकडं तर माग चालू असतो, अर्धं वाक्य त्यातच जातं. उरलेलं अर्धं आपण आपल्या मनानं भरतो, आणि मन त्या दिवशी जसं असेल तसं भरतं.

म्हणून राग आला की पहिली गोष्ट: समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत मनात एकदा म्हणून बघा. क्रियापद कुठलं, आणि ते कशाला लागलं आहे? म्हणता आलं नाही तर ऐकलेलं नाही असं समजा आणि सरळ विचारा, ‘मागाच्या आवाजात ऐकू आलं नाही, परत सांगता काय?’ हे विचारण्यात कुणाचाच अपमान नाही. शिवाय माणूस तेच दुसऱ्यांदा बोलतो तेव्हा बहुतेक वेळा जरा सुधारून, जरा लांबवून बोलतो. दोन हजारांच्या बैठकीत हे कुणीतरी विचारलं असतं तर अण्णा म्हणाले असते, ‘बिल मी मंडपवाल्याकडं नेऊन दाखवतो.’ पण कुणी विचारलं नाही. मीही नाही; मी त्या वेळी चहा ओतत होते.

किमान तीन अर्थ काढा

शब्द हातात आले की एका अर्थावर थांबू नका. तीन काढा: सगळ्यात वाईट, सगळ्यात साधा, आणि सगळ्यात चांगला.

घरातलं उदाहरण घेते. सून बँकेत आहे, दुसऱ्या शनिवारी सुट्टी. सासूबाई म्हणतात, ‘तुझं बरं आहे बाई.’ वाईट अर्थ: तुला काम नको. साधा अर्थ: तुला सुट्टी आहे, मला नाही. चांगला अर्थ: आमच्या वेळी असं नव्हतं, तुला मिळतंय ते छान आहे. तीन अर्थ समोर ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. वाईट अर्थ आपल्याला सगळ्यात आधी सुचला, पण सगळ्यात आधी सुचला एवढ्यानं तो खरा ठरत नाही.

मग निवड कशी करायची? सगळ्यात गोड अर्थ घ्या, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर आपण समोरच्याचं ऐकत नाही, त्याला सजवतो. निवडायचा तो अर्थ, जो या माणसाच्या तोंडी, या प्रसंगात, शहाण्यासारखा बसतो. सासूबाई पहाटे पाचला उठून डबा भरत असतील तर ‘तुला काम नको’ हा अर्थ त्यांच्या वागण्याशी जुळतच नाही. त्यांना बहुतेक तो शनिवार थोडा स्वतःलाही हवा असतो. (तेही विचारल्याशिवाय कळणार नाही, पण विचारायचं कसं ते पुढं येतं.)

मुद्दाम वाईट अर्थ काढायच्या खोडीला आपल्याकडं फार जुनं नाव आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, तिला ‘छल’ म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत: वाक्छल, सामान्यछल, उपचारछल. वाक्छलाचं भाष्यातलं उदाहरण मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. एक जण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे; म्हणजे त्याच्या अंगावर नवी कांबळी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठं आहेत, एकच तर दिसते! नव म्हणजे नवा, आणि नव म्हणजे नऊ. बोलणाऱ्याला कुठला नव म्हणायचा होता ते त्या दुसऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो नऊच धरून बसतो.

उपचारछल तर आमच्या कट्ट्यावर दर बैठकीला होतो. ढिलं, लाक्षणिक बोलणं शब्दशः धरायचं. कुणी म्हणतं, ‘वरच्या गल्लीनं वर्गणी दिली नाही.’ लगेच वरच्या गल्लीतले मामा खिशातून पावती काढतात, ‘मी दिली की! ही बघ.’ गल्ली म्हणजे गल्लीतली बरीच घरं, हे मामांना कळत नाही असं थोडंच आहे? पण पावती खिशात असली की ती दाखवायचा मोह होतो. मलाही झाला असता.

भाषेची वेस तपासा

आमच्या भागात ही पायरी सगळ्यात मोठी, म्हणून इथं जरा रेंगाळते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं एकाच बैठकीत मराठी बोलणारे दोन प्रकारचे असतात: मराठीतून विचार करून बोलणारे, आणि कन्नडमधून विचार करून मराठीत बोलणारे. उलटही तितकंच खरं. माझ्या कन्नडमध्ये मी काय काय बोलून बसते ते माझ्या शेजारच्या अक्का सांगतील.

पहिला सापळा ‘आम्ही’चा. मराठीत आम्ही म्हणजे तू सोडून, आपण म्हणजे तू धरून. कन्नडमध्ये दोन्हींना ‘नावु’ हा एकच शब्द. पुढच्या वर्षीच्या मूर्तीचा विषय निघाला तेव्हा अण्णा म्हणाले, ‘मूर्तीचं आम्ही मिळून ठरवूया.’ दोघा-तिघांच्या कपाळावर आठी: हे कोण आम्ही? पण वाक्यातच खूण होती. ‘ठरवूया’ला आम्ही जोडत नाही, आपण जोडतो. अण्णांना आपणच म्हणायचं होतं. शब्द चुकला, प्रत्यय बरोबर होता. खूण वाक्यातच असते, ती शोधायला दोन सेकंद लागतात आणि आपण ती दोन सेकंदं देत नाही.

दुसरा सापळा सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. कन्नडमध्ये ‘तमाशे’ म्हणजे थट्टा, गंमत. मराठीत कुणी ‘तमाशा केलास’ म्हटलं की चारचौघांत शोभा केलीस असा अर्थ होतो. ‘अवसर’ तिकडं घाई, इकडं संधी किंवा वेळ. पण खरा घोटाळा ‘अनुमान’ करतो. मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून काढलेला तर्क; कन्नडमध्ये रोजच्या वापरात अनुमान म्हणजे शंका, संशय. तुम्ही साळसूदपणे म्हणालात, ‘माझं अनुमान असं आहे की बेरीज चुकली असेल,’ तर अण्णांच्या कानात ‘मला तुझा संशय येतो’ असं काहीतरी वाजू शकतं. मी तो शब्द बैठकीत वापरायचा सोडून दिला. सरळ ‘मला वाटतं’ म्हणते.

तिसरा सापळा मराठी-मराठीतलाच. पुण्याच्या माझ्या जाऊबाई लग्नानंतर पहिल्यांदा आल्या, तेव्हा आम्ही सगळे त्यांना ‘बसा की’, ‘जेवा की’, ‘घ्या की अजून’ म्हणत होतो. रात्री त्या दिरांना म्हणाल्या, सगळे माझ्यावर वैतागलेत काय? आमच्याकडं ‘की’ आग्रहाचा असतो, तिकडच्या कानाला तो खेकसल्यासारखा लागला. शिवाय मी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते. कोल्हापूरपासून इकडं बायका तसंच बोलतात. जाऊबाईंना वाटलं, मी चेष्टा करते आहे. लिहिताना मात्र बघा, ‘म्हणते’च लिहिलं.

आणि चौथा, सगळ्यात तापलेला. 1956 च्या 1 नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. तेव्हापासून इथली कित्येक वाक्यं ऐकण्याआधीच गरम असतात. त्याच तारखेला एका घरात कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, भिंतीला भिंत लागलेल्या घरात, महाराष्ट्रात जायचं होतं म्हणून, काळा दिवस. शहराचं सरकारी नाव 2014 पासून बेळगावी झालं. आता कुणी ‘बेळगावी’ म्हटलं की तो त्या बाजूचा, ‘बेळगाव’ म्हटलं की या बाजूचा, असं आपण झटकन ठरवतो. माझा पुतण्या अर्जावर, तिकिटावर, शाळेच्या दाखल्यावर बेळगावीच वाचत मोठा झाला. त्याच्या तोंडी कधी हे येतं, कधी ते. एका शब्दावरून त्याचं मत काढायला गेलं तर तो एकाच दिवसात दोन पक्ष बदलतो. मत हवं असेल तर मत विचारा. नावाचा उच्चार बहुतेक वेळा एवढंच सांगतो की माणूस कुठले कागद हाताळतो आणि कुणात बसतो-उठतो.

परक्या भाषेत हे आपल्याला आपोआप जमतं, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी शेजारच्या अक्का रोज दारातून विचारायच्या, ‘ऊटा आत?’ मला कन्नड येत नव्हतं. पण ही बाई वेड्यासारखं बोलत नसणार, दुपारची वेळ आहे, हातात ताट आहे, म्हणजे जेवलीस काय असंच विचारत असणार, हे मी धरून चालले. बरोबर निघालं. डोनाल्ड डेव्हिडसन या तत्त्वज्ञानं यावरच बोट ठेवलं आहे: समोरचा बहुतांशी खरं आणि धड बोलतो असं गृहीत धरल्याशिवाय त्याची भाषा आपल्याला उलगडूच शकत नाही. या गृहीताला ‘प्रिन्सिपल ऑफ चॅरिटी’ हे नाव तत्त्वज्ञ नील विल्सन यांनी 1959 मध्ये दिलं. अक्कांना मी जी सवलत सहा वर्षांची असताना दिली, ती काकांना पन्नाशीत देताना मला जड जातं. काका तर मराठीतच बोलतात.

विचारा, पण ‘म्हणजे’ जपून

तीन अर्थ काढले, भाषा तपासली, तरी दोन अर्थ उरतात. मग विचारायचं. इथं मराठीतला ‘म्हणजे’ हा शब्द सांभाळायला हवा, कारण तो प्रश्नाचाही आहे आणि लाथेचाही.

‘म्हणजे तुमचं म्हणणं, मी चोर?’ हा प्रश्न दिसतो, पण यात सगळ्यात वाईट अर्थ समोरच्याच्या तोंडात कोंबला आहे. आता तो ‘नाही’ म्हणाला तर घाबरला, आणि चिडला तर खरं निघालं. ‘म्हणजे काय!’ तर प्रश्नच नव्हे, ते दार लावणं झालं. त्याऐवजी दोन अर्थ समोर ठेवा आणि त्याला निवडू द्या: ‘बिल तुम्ही परत तपासणार, की आता विषय इथंच संपवायचा म्हणताय? मला दोन्ही वाटलं.’ शेवटचे तीन शब्द गाळू नका. त्यांनी गोंधळ आपल्या पदरी घेतला जातो.

आवाजाबद्दल एक. हेच वाक्य कमरेवर हात ठेवून म्हटलं तर काही उपयोग नाही. मी पेन हातात धरून विचारते. लिहून घेणाऱ्या माणसावर लोक कमी ओरडतात.

सहीची कसोटी

आता मुख्य काम. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला ऐकवा, आणि तो ‘होय, हेच म्हणायचं होतं’ म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढू नका. गणिती मानसशास्त्रज्ञ अनातोल रापोपोर्ट यांनी 1960 च्या सुमाराला वादासाठी हाच नियम सुचवला होता: विरोधकाची बाजू त्याचं समाधान होईल अशी आधी तुम्ही मांडायची. मला तो नियम नंतर कळला, वही आधी हातात आली.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली, आपण सांगताना हळूच चिमटा काढतो. ‘तर तुमचं म्हणणं असं, की गल्लीचं काही होवो, तुमचं डीजे पाहिजेच.’ यावर कोण सही करणार? डीजे मागणाऱ्या पोरांचं खरं म्हणणं असं होतं: मिरवणुकीत आवाज नसला तर पोरं दुसऱ्या मंडळाकडं जातात आणि पुढच्या वर्षी मंडप घालायला माणूस उरत नाही. असं लिहिल्यावर मलाच पहिल्यांदा कळलं की ही मागणी आवाजाची नव्हती, माणसांची होती. मला डीजे अजूनही नको आहे. पण आता मला उत्तर माणसांबद्दल द्यायचं आहे, डेसिबलबद्दल नाही.

दुसरी अडचण: समोरचा म्हणतो, ‘तसं नाही हो.’ राग येतो, कारण आपण इतकं नीट मांडलेलं असतं. येऊ दे. ‘मग कसं?’ विचारा आणि परत मांडा. तीनदा तरी. चौथ्यांदाही ‘तसं नाही’च आलं, तर बहुधा त्याचं त्यालाच अजून ठरवता आलेलं नाही. मग विषय पुढच्या बैठकीवर टाका.

मग उत्तर

इथं फार सांगण्यासारखं नाही. जे पटलं ते आधी बोला, त्यातून नवं कळलं असेल तर तेही सांगा, मग विरोध करा आणि तो पुरता करा. समजून घेतलं म्हणजे मान्य केलं, असं नाही. आपली बाजू ढिली करायची गरज नाही.

कुठं थांबायचं

या रीतीचा गैरफायदा घेणारे असतात, म्हणून कुंपण सांगते.

पैशाच्या बाबतीत चांगला अर्थ काढायचा आणि बिलही मागायचं. दोन्ही एकत्र चालतं. बिल मागणं म्हणजे संशय घेणं असं अण्णांनाही वाटलं नाही. तो फरक नंतर मंडप एक दिवस जास्त ठेवल्याच्या भाड्याचा निघाला.

एकच माणूस एकच ‘गैरसमज’ तिसऱ्यांदा करतो तेव्हा ती भाषेची अडचण राहत नाही. जातीवरून, भाषेवरून, बाईमाणसावरून शिवी आली तर तीन अर्थ काढत बसू नका, तिथंच थांबवा.

आणि खुर्चीवरचा माणूस. एकदा एका कचेरीत मी मराठीत लिहिलेलं गाऱ्हाण्याचं निवेदन घेऊन गेले. टेबलावरचा माणूस वर न बघता म्हणाला, ‘हे चालत नाही.’ वाईट अर्थ तयारच होता. साधा अर्थ काढला: याला वरून कुणीतरी सांगितलं असेल, किंवा वाचायचं कुणी हा प्रश्न असेल. विचारलं, ‘घ्यायला मनाई आहे, की वाचायला अडचण आहे?’ वाचायला अडचण होती. तोंडी कन्नडमध्ये सारांश सांगितला. पण निवेदन मराठीतलंच दिलं, कारण राज्यघटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. त्याच्या सुराचा मी चांगला अर्थ घेतला. हक्काच्या बाबतीत सवलत दिली नाही. ज्याच्या हाती काहीच नाही त्यानंच दर वेळी समजून घ्यायचं, हे मला मंजूर नाही; खुर्चीवरच्यानं आधी समजून घ्यावं.

वहीत कसं उतरलं

त्या बैठकीत शेवटी मी उठून म्हटलं, लिहिलेलं वाचून दाखवते. पहिला खर्डा होता: ‘मंडपाच्या बिलातील रु. 2,000 च्या फरकाबाबत खजिनदार बघून घेतील.’ काकांनी मान हलवली, नाही. अण्णांनी विचारलं, यात चूक काय? मग मीच खोडलं आणि लिहिलं: ‘खजिनदार मंडपवाल्याकडून बिल तपासून आणतील व पुढील बैठकीत दाखवतील.’ अण्णा म्हणाले, ‘मी तेच बोललो की.’ त्यांनी कन्नडमध्ये सही केली. वही काकांकडं गेली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पेन हातात घेतलं आणि थांबले.

‘पुढील म्हणजे कधी? तारीख घाल की.’

मी रविवारची घातली.